सूचना: पालक, मटार, मुळा आता पेरायला घ्या

नमस्कार मंडळी,

इथे मध्य न्यू जर्सीत शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) साधारण एप्रिलअखेरपर्यंत पडतं, पण पालक, मटार आणि मुळ्याला तोवर थांबवू नका. मार्चच्या मध्यानंतर माती हाताळण्याजोगी झाली की पेरा. मूठभर माती दाबून बघा. गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला तर वाफा तयार. चिकट राहिला तर आणखी चार दिवस जाऊ द्या. आपल्याकडची चिकणमाती ओली असताना खणली की विटेसारखी घट्ट होते, आणि मग वर्षभर त्रास.

मटार रात्रभर भिजवून इंचभर खोल टोचा, जाळी त्याच दिवशी लावा. ससे कोवळे शेंडे सोडत नाहीत. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाका करा. तिला थंडी चालते, जूनच्या उन्हात मात्र ती लगेच फुलावर येते, म्हणून उशीर नको. मेथी एप्रिलमध्ये, रात्री पातळ कापड पांघरून.

मिरची, टोमॅटो, भेंडी मेच्या मध्यापर्यंत घरातच ठेवा, कृपया.

ज्यांच्याकडे पालकाचं बी उरलंय, त्यांनी इथे कळवा. नव्या सदस्यांना देऊ.