मराठी माध्यम लिहिलेला फॉर्म, जपानचे पॅकेज आणि माझी अडकलेली पदवी

दि. १४ जुलै २०२५
मानेवाडा, नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक, परदेश प्लेसमेंट विभाग
(नागपूर शाखेमार्फत)

विषय : प्लेसमेंटचे ₹५०,००० आणि मूळ पदवी प्रमाणपत्र परत मिळण्याबाबत

महोदय,

६ जानेवारीला आपल्या बर्डीवरील ऑफिसात बसून मी जो फॉर्म भरला, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दुसऱ्या पानावर ‘शिक्षणाचे माध्यम’ असा रकाना आहे. त्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे : पहिली ते दहावी मराठी, अकरावीपासून पुढे इंग्रजी. शेजारी आपल्या समुपदेशक मॅडमनी हिरव्या पेनाने बरोबरची खूण केलेली आहे. म्हणजे रकाना वाचला गेला होता. माझी तक्रार त्या खुणेपासूनच सुरू होते.

त्या दिवशी मी टीईएफएलच्या, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या, १२० तासांच्या कोर्सचे ₹१८,००० भरले. दोन आठवड्यांनी ‘जपान पॅकेज’चे ₹५०,००० भरले. आईची भिशी त्याच महिन्यात लागली होती, ती सगळी त्यात गेली. पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. जपानमधल्या शाळांत असिस्टंट लँग्वेज टीचर म्हणून काम, पदवी आणि टीईएफएल एवढेच पुरेसे, असे मला सांगण्यात आले आणि माहितीपत्रकातही तसेच छापले आहे.

पहिली मुलाखत २२ मे रोजी झाली, व्हिडिओ कॉलवर. मी आठवडाभर डेमो लेसनची तयारी केली होती, पुठ्ठ्याचे घड्याळ बनवले होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नाव विचारले आणि लगेच दुसरा प्रश्न केला : इंग्रजी माध्यमातून एकूण किती वर्षे शिकलात? मी मोजून सांगितले. अकरावी-बारावीची दोन, बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन. सात. त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या की शाळांत इंग्रजी शिकवण्यासाठी जो ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा लागतो, त्याला त्या भाषेतून १२ वर्षांचे शिक्षण लागते, त्यामुळे पुढे जाण्यात अर्थ नाही. सहा मिनिटांत कॉल संपला. घड्याळ मी कॅमेऱ्यासमोर धरलेही नव्हते.

हा नियम जपान सरकारचा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. इंग्रजी विषय म्हणून शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून शिकणे वेगळे, हे मला समजते. पण हा नियम आपल्या मॅडमना ठाऊक नव्हता असे कसे मानायचे? जपानला शिक्षक पाठवण्याचे पैसे घेणाऱ्याने सगळ्यात आधी हेच विचारायला हवे. आपण विचारले, मी खरे उत्तर दिले आणि तरीही आपण पैसे घेतले.

मी ऑफिसात आले तेव्हा ‘मग कोरिया करू’ असे उत्तर मिळाले. दक्षिण कोरियातले खासगी क्लासेस ज्या ई-२ व्हिसावर इंग्रजीचे शिक्षक नेमतात, तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. माझा पासपोर्ट भारताचा आहे, त्याचीही झेरॉक्स आपल्या फाइलमध्ये आहे.

त्यानंतरचा सल्ला मला सर्वांत गंभीर वाटतो. थायलंडला टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर शाळा कागद करून देईल, असे मला तोंडी सांगण्यात आले. लिहून मागितले तर नकार मिळाला. थायलंडमध्ये शिकवायला नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागते. टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभे राहणे बेकायदेशीर आहे, आणि पकडली गेले तर दंड मला, हद्दपारी मला. थायलंडमधल्या नोकरीचे आमिष दाखवून टुरिस्ट व्हिसावर नेलेली भारतीय मुले म्यानमारमध्ये अडकली, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता. माझ्या बाबांनी ती बातमी वाचली होती. मी ऑफिसातून घरी येऊन हा सल्ला सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सरळ मार्ग आहे, हे मला आता कळले आहे. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भारतातले लोक रीतसर शिकवतात. पदवी, टीईएफएल, पोलीस क्लिअरन्स, साक्षांकित कागदपत्रे आणि इंग्रजी मातृभाषा नसल्यामुळे टोईकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, एवढे सगळे लागते. पाच महिन्यांत आपल्याकडून टोईकचे नावही मी ऐकले नाही.

कोर्सबद्दल थोडे. व्याकरणाचे भाग चांगले होते आणि ते मला उपयोगी पडतात, म्हणून त्या ₹१८,००० ची मागणी मी करत नाही. मात्र ‘प्रात्यक्षिकासह’ हा शब्द माहितीपत्रकातून काढून टाकावा. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक मागे बसून पाहतात. मी एक मिनिटही कोणासमोर शिकवले नाही. जे काही शिकले ते आमच्या गल्लीतल्या ट्यूशनमध्ये शिकले. तिथे सातवीची एक मुलगी रोज ‘आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स’ म्हणायची. मी फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्या घराची पाच वर्षे तिलाच त्यावर मांडायला लावली, तेव्हा कुठे ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ तिच्या ध्यानात आले. मला हे काम येते. म्हणूनच हा प्रकार जिव्हारी लागला आहे.

आता पदवीचे. अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, माझे मूळ पदवी प्रमाणपत्र आपण फेब्रुवारीत घेतले. ते अजून कपाटातच पडून आहे, हे आपल्याच कर्मचाऱ्याने ४ जुलैला मान्य केले. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्याआधी मला एका शाळेची मुलाखत आली होती, पण मूळ कागद दाखवता न आल्याने ती जागा हातची गेली.

माझ्या मागण्या : मूळ प्रमाणपत्र तीन दिवसांत मिळावे. प्लेसमेंटचे ₹५०,००० पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा व्हावेत. आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून आपली नोंदणी असल्यास तिचा क्रमांक लेखी कळवावा. नोंदणीकृत एजंटांना सेवाशुल्क ₹३०,००० आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हेही आपल्या माहितीसाठी.

पावतीमागे ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. मुदत संपताच मी नागपूरच्या आयोगाकडे जाईन.

एक विनंती वेगळी करते. ४ जुलैला बाकावर माझ्या शेजारी काटोलची एक मुलगी वडिलांसोबत बसली होती, हातात तोच फॉर्म होता. ती मराठी शाळेत शिकलेली आहे. तिच्याकडून जपानचे पैसे घेण्याआधी तिला १२ वर्षांचा नियम सांगावा. मी तिला सांगितला आहे, पण तो आपल्या तोंडून ऐकण्याचा तिला हक्क आहे.

प्रमाणपत्र कुरिअरने पाठवू नये. मी स्वतः बाबांसोबत येऊन, तपासून, सही करून घेऊन जाईन.

आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या फॉर्मवर आहे)

सोबत : फॉर्म, दोन पावत्या, माहितीपत्रक यांच्या प्रती