चाचा, गाडी गार असताना बघायला आलात म्हणून

चाचा, सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाहीत हे मला माहितंय, मराठी बोलायला तुम्ही माझ्यापेक्षा सरस पण वाचायचा कंटाळा, म्हणून नातवानं मोबाईलवर वाचून दाखवावं आणि मी कुठं चुकीचं लिहिलं असंल तर "सर को बोल" म्हणून त्याला सांगावं. सगळ्यांसमोर लिहायलो कारण आमच्या स्टाफमधल्या निम्म्या लोकांच्या गाड्या थंडीत अशाच रडायल्यात, आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी तुम्ही गाडी दुरुस्त करून तीनशे रुपये घेतले, मी शाळेला उशीर झाला म्हणून गाडी काढून पळालो, तोंडातून धड थँक्यू पण निघालं नाही. बायको अजून बोलायली त्यावरून.

ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. आमची छोटी पेट्रोल गाडी, दहा वर्षं झाली, परभणीहून जिंतूर रोडनं झरी, बोरी करत शाळेला जायचं, आम्ही चौघं शेअरिंगमध्ये. दिवाळीनंतर चेक इंजिनचा दिवा लागला आणि चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन सुरू, इंजिन गार असो का गरम, फॅन काही थांबंना. एका गॅरेजला नेली (नाव घेत नाही, माणूस वाईट नाही). त्यानं स्कॅनर लावला, कोड आला पी ०११८, म्हणजे कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त यायलंय. तो म्हणला सेन्सर गेला. साडेचारशेचा नवा बसवला, दिवा गेला, फॅन गप्प, मी खुश. जुना सेन्सर त्यानं कागदात गुंडाळून दिला तो मी डिकीत टाकला. फेकून दिला असता तर पुढची गोष्टच झाली नसती.

मग डिसेंबर आला. आता परभणीची थंडी काय असती ते बाहेरच्यांना पटत नाही, उन्हाळ्यात भाजून काढणारं गाव हिवाळ्यात कृषी विद्यापीठातल्या तापमानाच्या आकड्यामुळं पेपरात येतं. एका सकाळी सेल्फ मारला तर इंजिन पकडतंय असं वाटायचं, दोन-चार ठोके द्यायचं आणि बंद. परत सेल्फ, परत तेच. सहाव्या-सातव्या खेपेला कसंबसं उठायचं, थरथर करत मिनिटभर चालायचं आणि मग जणू काही झालंच नाही असं. दुपारी शाळा सुटल्यावर एका सेल्फमध्ये चालू. रोज हेच. शनिवारी सकाळची शाळा असती तेव्हा तर दोनदा आम्ही तिघांनी मिळून गल्लीतून ढकलली, एक मॅडम आत स्टिअरिंगवर, आणि शेजारचे काका गॅलरीत ब्रश करत करत "सेकंड गिअरला टाका" म्हणून सूचना द्यायले.

सल्ले तर काय विचारूच नका. कुणी म्हणलं बॅटरी, बॅटरी बदलली, बेचाळीसशे गेले. कुणी म्हणलं प्लग, प्लग बदलले. कुणी म्हणलं पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाणी यायलंय. आमचे एक सीनियर सर म्हणले रेस पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, जुन्या गाड्या अशाच उठायच्या. ते मी चार दिवस इमानदारीनं केलं आणि गाडी जास्तच रुसली. हे तुम्ही नंतर सांगितलं चाचा, की कार्बोरेटर गेला तसे त्याचे नखरे पण गेले, इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना रेस पूर्ण दाबली तर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं की इंजिनमध्ये पेट्रोल फार साचलंय आणि तो इंजेक्टर बंदच ठेवतो. म्हणजे उपाशी माणसाच्या पुढून ताट उचलायचं काम मी रोज सकाळी करायलो होतो.

तुमचा नंबर बॅटरीवाल्यानंच दिला. फोनवर तुम्ही मला दोनच गोष्टी विचारल्या, दुपारी कशी उठती आणि रात्री कुठं उभी असती. मी म्हणलं आत्ता घेऊन येऊ का शेडवर, चालू आहे सध्या. तुम्ही म्हणलात, "गरम करके लाए तो मैं क्या देखूं सर? सुबे मैं आतूं, तब तक गाडी को हात नक्को लगाओ." खरं सांगतो, मला वाटलं टाळायलेत. तोपर्यंत तीन जणांनी गाडी बघितलती आणि तिघांनी पण दुपारी, गरम इंजिनवर, जेव्हा तिला काहीच झालेलं नसायचं. आजार सकाळी सहाचा आणि डॉक्टरची ओपीडी दुपारी दोनची.

सकाळी सव्वासहाला गल्लीत तुमच्या एम-एटी गाडीचा आवाज आला. मफलर, हातमोजे, मागं पिशवी बांधलेली. चहा घ्या म्हणलं तर "बाद में". बोनेट उघडलं पण सेल्फ मारू दिला नाही. स्टिअरिंगखाली ते छोटं ब्लूटूथचं डबडं लावलं, चावी फक्त ऑन केली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. आत येणाऱ्या हवेचं तापमान १३. कुलंटचं तापमान ४१.

मी बघत राहिलो. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी, बोनेटवर दव, पत्र्याला हात लावला तर बोटं गोठायली, आणि सेन्सर म्हणतो पाणी ४१ अंशाला आहे. तुम्ही हसलात, म्हणलात ह्याला ताप आलाय.

सारखं सांगावं लागायलं म्हणून एकदाच लिहून टाकतो, स्टाफनं वाचावं. गार इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंच पेट्रोल थंड भिंतींना चिकटून राहतं, म्हणून गार असताना जास्त पेट्रोल सोडावं लागतं. पूर्वी हे काम चोक ओढून आपण करायचो, आता ईसीएम करतो आणि तो सगळा भरवसा ह्या अंगठ्याएवढ्या सेन्सरवर ठेवतो. सेन्सर म्हणला ४१ तर ईसीएम ४१ च्या हिशोबानं पेट्रोल देतो, १३ वरच्या इंजिनला ते पुरत नाही, दोन ठोके आणि बंद. आणि दिवा कामून लागत नव्हता? कारण ४१ हा काही अशक्य आकडा नाही. आमच्यासारख्या गाडीत सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच ईसीएमला संशय येतो, पटण्यासारखं खोटं बोललं की तो पण फसतो.

मग तुम्ही सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढला आणि सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावलं. अकराशे ओम. तुम्ही म्हणलात इतक्या थंडीत तेहतीसशेच्या आसपास पाहिजे. आणि पिशवीतून बिडीच्या रिकाम्या बंडलाएवढी प्लास्टिकची डबी काढली, त्यातून एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा तुकडा, उचलला, नारंगी-नारंगी-लाल पट्ट्यांचा, आणि सेन्सरच्या जागी कपलरच्या दोन भोकांत त्याचे पाय खुपसले. मोबाईलवर कुलंट झालं १३. "अब मारो."

अर्ध्या सेल्फमध्ये उठली चाचा. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आतून बायको बाहेर आली की आज ढकलाढकलीचा आवाज कसा नाही.

तुम्ही लगेच बंद करायला लावली, कारण रेझिस्टर काही गरम होणार नाही, ईसीएमला वाटत राहणार इंजिन गारच आहे, तो पेट्रोल ओतत राहील आणि फॅन लागणार नाही, हे फक्त रोग ओळखायला, असं फिरायचं नाही. (स्टाफमधले जे हुशार आता रेझिस्टर आणायला निघालेत त्यांनी हे वाक्य परत वाचा.)

आता माझी लाज सांगतो. मी जिल्हा परिषद प्रशालेत विज्ञान शिकवतो. रोध, ओमचा नियम, एकसर जोडणी, समांतर जोडणी, दरवर्षी नववीला. नारंगी म्हणजे तीन, लाल म्हणजे दोन शून्य, हे फळ्यावर रंगीत खडूनं काढलेलं आहे. आणि बेचाळीसशेची बॅटरी घेताना एक मीटर लावून बघावं हे काही मला सुचलं नाही.

म्हणून तुम्ही जेव्हा विचारलं की पुराना सेन्सर किधर है, तेव्हा मी डिकीतून तो आणला आणि म्हणलं चाचा आता माझं ऐका, शाळेचं थर्मामीटर आहे माझ्याकडं घरी. बायकोनं चहाचं पातेलं दिलं नाही, जुनं ॲल्युमिनियमचं दिलं, आणि आपण दोघं ओट्यापुढं उभं राहिलो, दोन्ही सेन्सर तारेला बांधून पाण्यात सोडलेले, पिना पाण्याच्या वर, तुमच्या हातात मीटर, माझ्या हातात थर्मामीटर आणि लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे. माठातलं पाणी १६ अंश, जुना सेन्सर २९०० ओम, नवा १०५०. ४० अंशाला जुना ११७०, नवा ६८५. ८० अंशाला जुना ३२०, नवा २७०. पाणी तापंल तसा दोघांचा रोध कमी व्हायला होता, सेन्सरचा स्वभावच तो, पण गार पाण्यात दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आणि गरम झालं की जवळजवळ भाऊ-भाऊ.

तुम्ही म्हणलात, "अंदर से लीक मार रहा." मी वहीवर मांडलं. नव्याच्या आत समजा एक चोरवाट आहे, म्हणजे सेन्सरला समांतर दुसरा एक रोध. ३३०० चे ११०० व्हायचे तर ती वाट १६५० ओमची पाहिजे. तीच वाट ८० अंशाच्या ३२० ला समांतर जोडली तर उत्तर येतं २६८. मीटर दाखवायलं २७०. तुम्ही वहीकडं बघितलं, मीटरकडं बघितलं आणि म्हणलात, "सर, आप मेरे शेड पे आ जाओ." माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं चांगलं इन्स्पेक्शन झालं नाही. चोरवाट मोठी असली तरी गरम पाण्यात सेन्सरची स्वतःची वाट त्याहून सोपी, म्हणून दुपारी सगळं बरोबर दिसायचं, फॅन पण जवळपास वेळेवर लागायचा.

म्हणजे जुना सेन्सर चांगलाच होता. मग दिवाळीनंतर दिवा कामून लागला, हे मी विचारायच्या आधीच तुम्ही टॉर्च घेऊन कपलरमध्ये बघायलात. एका पिनेवर हिरवा गंज. तिथं तार तुटल्यासारखी व्हायची, ईसीएमला उणे ४० दिसायचं, त्याला पटायचं नाही, दिवा लावून तो खबरदारी म्हणून फॅन सुरू करायचा. आणि पहिल्या मिस्तरीनं सेन्सर बदलताना कपलर ओढला आणि परत दाबला तेव्हा गंज खरवडला गेला, दिवा गेला, आणि सगळं श्रेय नव्या सेन्सरला. आम्ही चांगला काढून वाईट बसवला आणि पेढे वाटायचे तेवढे राहिले.

बाकीचं काम तुम्ही पटापट केलं, जुनाच सेन्सर नवीन वॉशर टाकून बसवला, कपलरचं टोक बदललं, इंजिन गार होतं म्हणून रेडिएटरचं झाकण बिनधास्त उघडलं, साधं पाणी भरून ठेवलतं ते सगळं सोडून कुलंट भरलं, मग हीटर फुल करून, होज दाबत दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. ह्या हवेचं पण तुम्ही सांगितलं की सेन्सरच्या तोंडाशी फुगा अडकला तर चांगला सेन्सर पण वेडंवाकडं बोलतो.

आज सकाळी मोबाईलवर हवा ९, कुलंट १०. एका सेल्फमध्ये. गॅलरीतल्या काकांना करमंना आता.

दोन कामं राहिलीत. एक, हुरडा सुरू झालाय, बोरीच्या पुढं आमच्या एका सरांचं शेत आहे, रविवारी तुम्ही, नातू आणि घरचे सगळे या, उरसाची गर्दी सुरू व्हायच्या आत, नंतर तुम्हाला शेडवरून हलता येणार नाही. जवसाची चटणी बायको करायली, तीनशे रुपयांवर बाकीचं ती वळतं करणार म्हणे.

दुसरं असं की ते थर्मामीटर तुमच्या पिशवीत गेलंय. ते शाळेचं आहे, डेडस्टॉक रजिस्टरला लागलेलं आहे, आणि पुढच्या महिन्यात तपासणी आहे. मी येऊन घेऊन जातो, तेवढं नातवाला सांगून पिशवीतून बाजूला काढून ठेवा, वरून पान्हे पडले म्हणजे मोडंल.

तुमचा,
जिंतूर रोडचा सर