बाबा, आपला काळा पाषाण जिथून आला तिथे जाऊन आले

प्रिय आई-बाबा,

फोनवर काही धड सांगता आलं नाही, आई जेवणाचं विचारत बसली आणि बाबांनी मध्येच मोटर जळल्याची गोष्ट काढली, म्हणून आता बसून सगळं टाइप करतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा. आणि प्लीज फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

तर रियुनियन. मॉरिशसच्या शेजारचं बेट, विमानाने पाऊण तासाच्या अंतरावर, पण आहे फ्रान्सचं, त्यामुळे पॅरिसहून अकरा तास उडून हिंदी महासागरात उतरलो तरी तिथे युरोच चालतात आणि बेकरीत तोच पाव मिळतो. छोटीला वाटलं विमान फिरून परत आलं की काय. बेट तसं लहानच, अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं, पण त्यात 3000 मीटरच्या वर गेलेला डोंगर आहे! पितों दे नेज त्याचं नाव, तो थंड झालेला जुना ज्वालामुखी. आणि दुसरा, पितों द ला फुर्नेज, तो जिवंत आहे. नुसता नावाला जिवंत नाही, जगातल्या सगळ्यात जास्त उसळणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक, सतराव्या शतकापासून दीडशेहून जास्त वेळा फुटल्याची नोंद आहे.

आम्ही होतो तेव्हा मात्र साहेब गप्प होते. जावईबापू हिरमुसले. मला उलट बरं वाटलं, कारण फुटायला लागला की आतला भाग लगेच बंद करतात, मग काठावरून लांबूनच बघायचं.

आता बाबा, हे खास तुमच्यासाठी. धोमच्या कालव्याच्या कामावर तुम्ही सुरुंग लावून जो पाषाण फोडायचात ना, आणि आपल्या विहिरीला मुरूम संपल्यावर जो कातळ लागला होता, तो सगळा इथल्याच आगीचा आहे. गंमत नाही करत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत खूप दक्षिणेला होता, उत्तरेकडे सरकत सरकत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका प्रचंड तापलेल्या जागेवरून गेला, आणि तिथून जो लाव्हा वर आला तो थरावर थर पसरत गेला, तेच आपलं दख्खनचं पठार, सह्याद्री, पांडवगड, पाचगणी, वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय तो दगड, सगळं. जमीन पुढे निघून गेली आणि आग मागे राहिली, मग तिने वाटेत लक्षद्वीप-मालदीवचा पाया घातला, नंतर मॉरिशस उभं केलं आणि आज ती रियुनियनच्या खाली आहे. बहुतेक शास्त्रज्ञ असंच मानतात. आपल्याकडचं काम कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलं, तिथलं चालू आहे, एवढाच फरक. मला हे जायच्या आधी माहीतच नव्हतं, तिथल्या ज्वालामुखीच्या म्युझियममधून आल्यावर रात्री हॉटेलात वाचत बसले, आणि मग दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दगड उचलून बघायला लागले.

वर जायला गाडीरस्ता आहे. वाटेत झाडं संपतात, मग गवत संपतं, मग एक अख्खं लालसर-काळ्या रेतीचं मैदान लागतं, तिथे काही म्हणजे काहीच नाही. मग पा द बेलकोंब, 2300 मीटरवर, गाडी थेट तिथपर्यंत जाते. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली ती भलीमोठी खोलगट जागा आणि मध्ये ज्वालामुखी. आई, इथपर्यंत तुला एक पायरी चढायची नाहीये, पण सकाळी कडाक्याची थंडी असते, स्वेटर-कानटोपी हवीच. आम्ही पुढे पाचशेच्या वर पायऱ्या उतरून आत गेलो, दगडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्यात त्या धरून चालायचं. पायाखाली लाव्हा कुरकुर वाजतो, कुठे गुळगुळीत दोरखंडासारखे वळसे पडलेले, कुठे नुसता खरबरीत चुरा, पडलात तर हात सोलून निघणार. छोटीमुळे शिखराच्या काठापर्यंत गेलो नाही, जाऊन यायला पाच-सहा तास लागतात. तिथल्या मोठ्या विवराचा तळ 2007 च्या एप्रिलमध्ये 300 मीटरहून जास्त खाली बसला होता.

त्याच वेळचा लाव्हा खाली समुद्रापर्यंत गेला, तो आम्ही बघितला. मला विचाराल तर सगळ्यात भारी हा रस्ता. ग्रां ब्रुले नावाचा भाग आहे, हमरस्ता सरळ लाव्ह्याच्या वाळलेल्या लोंढ्यांवरून जातो, आणि प्रत्येक लोंढ्यापाशी वर्षाची पाटी. नव्या लोंढ्यावर नुसतं करड्या रंगाचं दगडफूल, त्याहून जुन्यावर नेचे, आणखी जुन्यावर चक्क झाडी, म्हणजे कातळावर जीव कसा धरतो ते गाडीच्या खिडकीतून क्रमाने दिसतं. रस्ता लाव्ह्याखाली गेला की हे लोक थांबतात, दगड निवला की त्याच्यावरून पुन्हा डांबर टाकतात. बाबा, तुम्हाला तिथल्या ओव्हरसियरशी बोलायला किती आवडलं असतं! आणि खाली समुद्राकाठच्या काळ्या वाळूत हिरवे चमकणारे कण, ऑलिव्हीन म्हणतात, लाव्ह्यातूनच आलेले. छोटी तिथून उठेचना.

जवळच एक चर्च आहे. 1977 साली लाव्हा गावात शिरला, घरं गिळली, चर्चच्या दारातून थोडा आत आला आणि बाकीचा दोन्ही बाजूंनी फुटून निघून गेला. चर्च तसंच उभं. गाव आधीच रिकामं केलेलं त्यामुळे कोणी दगावलं नाही. लोक अजून मेणबत्त्या लावतात. आई, तू असतीस तर हात जोडले असतेस, मीही जोडले.

पाऊस पण सांगायचाय. आपल्या महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात साधारण साडेपाच हजार मिलीमीटर पडतो ना, तर या बेटावर जानेवारी 1966 मध्ये चक्रीवादळात एका जागी 24 तासांत 1825 मिलीमीटर पडला, तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. असल्या पावसाने जुना डोंगर पोखरून काढला आणि तीन अजस्र दऱ्या झाल्या. त्यातल्या मफातमध्ये आजही रस्ता नाही, पायी नाहीतर हेलिकॉप्टरने. पळून गेलेले गुलाम तिथे लपून राहायचे, त्यांच्यातल्याच एका म्होरक्याचं नाव त्या दरीला आहे. आता काही शे लोक राहतात, किराणापण हेलिकॉप्टरने येतो. माइदो नावाच्या पॉइंटवरून सगळी दरी दिसते, गाडी वरपर्यंत जाते, फक्त पहाटे निघायचं, नऊ-दहा वाजले की ढग भरतात आणि मग पैसे वाया. पर्यटकांचं हेलिकॉप्टर घेऊ नये असं माझं मत, जावईबापूंचं वेगळं आहे, ते त्यांच्याकडून ऐका.

दुसरी दरी सिलाओस. चारशेच्या वर वळणं आहेत म्हणतात घाटात. आई, पसरणी घाटात तुझं जे होतं ते लक्षात घेऊन मी अत्ताच सांगते, अवोमिन. पण वर गाव फार गोड आहे, आणि बाजूच्या कड्यांमध्ये आडवे थर स्पष्ट दिसतात, एकावर एक, आपल्या गच्चीतून समोरच्या डोंगराला दिसतात तेच. तिथला मसूर प्रसिद्ध आहे, बारीक, महाग, थोडा आणलाय.

खाण्याची काळजी करू नका. चिकन-मासे भरपूर चालतात पण प्रत्येक जेवणात भात आणि कडधान्याची आमटी असते, पालेभाज्या असतात, लोणच्याला आशारच म्हणतात, सामोसे कोपऱ्याकोपऱ्यावर आणि डाळवड्याचा सख्खा भाऊ वाटेल असा एक तिखट वडापण. ऊसमळ्यांवर आणलेले तमिळ मजूर, त्यांची आता पाचवी-सहावी पिढी आहे, रंगीत देवळं आहेत, सें-आंद्रे गावात दिवाळी जोरात करतात.

आई, तुझ्यासाठी व्हॅनिला. वेल मेक्सिकोची, इथे लावली तर फुलं यायची पण शेंगच धरायची नाही. 1841 मध्ये एडमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलातलं पराग जुळवून दाखवलं. तू परसात सकाळी भोपळ्याची नर फुलं मादी फुलांवर टेकवतेस अगदी तसंच. आजही एकेक फूल हातानेच करतात, फूल एकच दिवस टिकतं. त्याच्या त्या युक्तीवर मळेवाले गब्बर झाले आणि तो पोरगा पुढे सुटला खरा पण गरिबीतच गेला. बागेतला माणूस हे सांगत होता तेव्हा मला फार राग आला.

समुद्र मात्र फार मनावर घेऊ नका. शार्कमुळे बऱ्याच ठिकाणी पोहायला बंदी आहे, पश्चिमेला प्रवाळामागे उथळ पाणी आहे तिथे छोटी खेळली तेवढंच. बीचसाठी जायचं तर आपलं कोकण काय वाईट आहे.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी आपण चौघं-पाच जण मिळून जायचं. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते नाही. मे महिन्यात बाबा आंबे सोडून हलणार नाहीत, गणपतीत आई हलणार नाही, म्हणजे ऑक्टोबरच उरतो आणि तेव्हा तिथे हवा कोरडी असते. मी वर जे जे लिहिलंय त्यातलं पायऱ्या सोडून सगळं गाडीतून होतं. तुम्ही मुंबई-मॉरिशस या, आम्ही तिथे भेटतो, व्हिसाचं मी बघते. बाबा, कपाटातला पासपोर्ट काढून तारीख बघा आणि फोटो पाठवा, आणि आईचा गुडघा एकदा डॉक्टरांना दाखवाच, मी शनिवारी विचारणार आहे.

तुमची,
ताई