पंधरा दिवसांत बालशिक्षिका घडते का?

महोदय,

महालातल्या एका बालवाडीत मी सव्वीस वर्षं शिकवलं. दरवर्षी शिकाऊ मुली पंधरा दिवस सरावपाठाला यायच्या. हातात तक्ते, मागे शेरे लिहिणाऱ्या बाई.

एकदा तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकीने बैलाचं चित्र लावून विचारलं, "हा कोण?" समोर एक पोरगा चाक निसटलेला आपला लाकडी बैल दोरीने ओढत होता. ती म्हणाली, "तो ठेव बाजूला, इकडे बघ." पोरगा रडला, पाठ मात्र वेळेत संपला! चूक तिची नव्हती. ते चाक बसवता बसवता मोजणं, बोलणं, सगळं शिकवता येतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा ठरवला. मग नागपूर विद्यापीठाने आपल्या आवारात कायमची बालशाळा का चालवू नये? कर्मचाऱ्यांची, आसपासच्या वस्त्यांतली मुलं येतील. शिकाऊ शिक्षिकेने वर्षभर तिथं राहावं: सकाळी रडणारं मूल कडेवर घ्यावं, दुपारी प्राध्यापकांसोबत त्याच मुलाबद्दल बोलावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पोरं येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. आपल्याकडे तर इमारती आहेत.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, महाल, नागपूर