एस्तेर की हदास?

प्रिय शुलू,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, मागे बाळ रडतंय आणि तुझ्या सासूबाई बोलतायत, दोन्ही एकदम, त्यामुळे अर्धं डोक्यावरून गेलं. पण मुद्दा पोचला. तुला मुलीचं नाव आजीवरून एस्तेर ठेवायचंय आणि त्यांना हदास, कारण एस्तेर म्हातारीचं नाव वाटतं.

अगं पण ही एकाच बाईची दोन नावं ना! मेगिलाच्या, म्हणजे बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या, दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिलंय, तिचा चुलतभाऊ मर्दखय याने हदस्सा म्हणजेच एस्तेर हिला सांभाळलं, तिला आईबाप नव्हते. हदस्सा हे घरचं, हिब्रू, सुक्कोथच्या सणाला लुलावसोबत, म्हणजे खजुराच्या झावळीसोबत, बांधतात त्या वासाच्या हदासच्या झुडपावरून. एस्तेर बहुतेक फारसी, सितारावाल्या घरातलं, म्हणजे आपल्या ताराची लांबची बहीणच म्हण. काही अभ्यासक ते बाबेलच्या इश्तार देवीशी पण जोडतात, हे मात्र सासूबाईंना सांगू नकोस 😄

मला स्वतःला तालमुद या आपल्या जुन्या धर्मग्रंथातल्या रब्बींचं, म्हणजे धर्मपंडितांचं, जास्त पटतं. ते हे नाव 'लपवणे' या हिब्रू धातूशी जोडतात. व्याकरणात बसो न बसो, गोष्टीत फिट्ट बसतं, कारण इराणच्या राजधानीत, शूशनच्या राजवाड्यात राणी झाली तरी आपण कोणाच्या हे तिनं मर्दखयच्या सांगण्यावरून कुणाला कळू दिलं नाही, आणि त्या अख्ख्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, म्हणजे तोही लपलेलाच!

आणि पुस्तकाचं पहिलंच वचन आठव, तिच्या नवऱ्याचं, अहश्वेरोश राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत, 127 प्रांत. होदू म्हणजे हिंदुस्थान गं! आपल्या ठाण्यापर्यंत काही त्याचा हात पोचला नसेल, सिंधूच्या आसपास थांबला असेल, पण तरी भारी वाटतं. आपली जुनी माणसं पुरीमला, एस्तेरच्या या गोष्टीच्या सणाला, 'होळीचा सण' म्हणायची, दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास आणि बऱ्याचदा एकाच महिन्यात. तुझी आजी मेगिला वाचताना ज्यूंच्या जिवावर उठलेल्या त्या दुष्ट हामानचं नाव आलं की चप्पल आपटायची ते आठवतं का, एकदा पट्टाच तुटला होता.

गंमत बघ, पुस्तकात घरातली हदस्सा बाहेर एस्तेर झाली. तुमच्या तिकडे आता उलटं, बाहेर हदास चालतं आणि एस्तेर घरात राहिलं. मग घाल ना दोन्ही, शाळेत हदास, घरी एस्तेर. सासूबाई खूष.

मी मात्र एस्तूच म्हणणार. बारशाला व्हिडिओ कॉल कर, पण तिकडच्या वेळेनं नको, मागच्या वेळी मी अर्ध्या झोपेत होते.

तुझीच,
मिरू