कमी नोंद म्हणजे कमी गुन्हे नव्हे

'गुन्हेगारी दरात कोणते राज्य कुठे' ही आपल्या अंकातील बातमी वाचली. तिच्यातील क्रमवारीचा अर्थ मात्र जपूनच लावायला हवा. दर लाख लोकसंख्येमागचा हा दर घडलेल्या नव्हे, तर पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांवरून काढला जातो आणि गुन्ह्यांतील वाढ व नोंदणीतील वाढ या भिन्न गोष्टी असल्याचा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग आपल्या अहवालातच देतो. साक्षर आणि तक्रारीस न कचरणाऱ्या केरळचा दर म्हणूनच चढा दिसतो. उलट लोकलच्या गर्दीत खिशातून मोबाइल गेल्यावर माझ्या हाती चोरीच्या गुन्ह्याची प्रत नव्हे, 'गहाळ' झाल्याचा दाखला पडला. आकडेवारीपुरता तो गुन्हा घडलाच नाही!

दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटविना अटक करता येणाऱ्या, गुन्ह्याची माहिती मिळताच नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच स्पष्ट केले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते. तरीही दर वाढला की पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच जाब विचारला जाणार असेल, तर तो नोंद टाळणारच. म्हणून त्याचे मूल्यमापन नोंदींच्या संख्येवर न करता, नाकारलेल्या तक्रारी, मुदतीत दाखल झालेली आरोपपत्रे आणि न्यायालयात टिकलेले पुरावे यांवर व्हावे, आणि आपल्या वृत्तपत्रानेही पुढील तुलना छापताना हे रकाने सोबत द्यावेत, ही विनंती.

— एक वाचक, मुलुंड, मुंबई