ग्रामसभेची गणपूर्ती कोणत्या रकान्यात लिहावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक संस्था आणि कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा सीएसआर निधी यांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील बऱ्याच मुद्द्यांवर माझे काही म्हणणे नाही. परंतु लहान संघटनांना हिशेब ठेवता येत नाहीत म्हणून अनुदान मिळत नाही, हे विद्वान लेखकांचे विधान अशाच एका संघटनेचे हिशेब सात वर्षे ठेवणाऱ्या मला मुकाट्याने गिळता आले नाही.

आम्ही गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि सांभाळण्याच्या हक्काच्या, दाव्यांसाठी ग्रामसभांबरोबर काम करतो. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्त नियमांनुसार अशा ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. रोवणीच्या किंवा तेंदूच्या हंगामात ही गणपूर्ती व्हावी म्हणून आमच्या कार्यकर्त्या टोल्याटोल्यावर जाऊन, माणसे शेतातून परतेपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर बसून राहतात, आणि एवढे करूनही सभा तहकूब झाली की पुढच्या आठवड्यात तीच फेरी पुन्हा करतात. या कामात विकत घेण्याजोगी वस्तू एकही नाही. लागते ते मानधन आणि एसटीचे भाडे. अनुदानाच्या अर्जात मात्र ‘लाभार्थी संख्या’ आणि ‘वाटप केलेले साहित्य’ असे दोन रकाने असतात, आणि दुसरा कोरा सोडला तर संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने, जिचे नाव मी लिहीत नाही, आम्हाला अनुदान दिले. वर्षअखेरीस हिशेब तपासायला आलेल्या तरुण गृहस्थांसमोर मी तारीखवार चिकटवलेल्या तिकिटांची वही ठेवली. वाहकाच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावरची अक्षरे एका उन्हाळ्यात उडून जातात, त्यामुळे निम्मी पाने कोरी दिसत होती. उरलेल्या तिकिटांवर एकाच प्रवासाचे भाडे कधी पूर्ण, कधी अर्धे कसे, असा त्यांना संशय आला. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, हे त्यांच्या गावी नव्हते. दाव्याला पुरावा म्हणून जबाब द्यायला आम्ही एका आजोबांना तालुक्याला नेले होते. त्यांचे पंचाहत्तरीपुढचे शून्य रुपयांचे तिकीट पाहून तर हा खर्च दाखवलाच कशाला, अशी लेखी विचारणा झाली. अखेर ४,३६० रुपये नामंजूर झाले आणि आम्ही तिघींनी ते आमच्या मानधनातून भरले. त्याच कंपनीने त्याच गावच्या शाळेला दिलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे बिल एका पानाचे होते, त्यामुळे त्यावर प्रश्न आला नाही. विजेचा दाब पुरत नाही म्हणून ते यंत्र बंद आहे, तरी हिशेब चोख आहे!

मानधन मागितले की ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांहून अधिक चालत नाही’ हे ठरलेले उत्तर येते. २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांतील ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरील खर्चाला आहे. प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीचा खर्च तीतून स्पष्टपणे वगळलेला आहे. एवढे तरी लेखकांनी वाचायला हवे होते. शिवाय हा निधी घेणाऱ्या संस्थेकडे १२अ आणि ८०जी ही प्राप्तिकर खात्याची प्रमाणपत्रे, सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास असावा लागतो. ज्या ग्रामसभा हे काम खरोखर करतात, त्यांनी ही कागदपत्रे कोठून आणायची? पूर्वी एखादी मोठी संस्था आपल्याला आलेल्या परदेशी निधीतून लहान संस्थेला हिस्सा देऊ शकत असे. परदेशी निधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात आमच्या एका गावात गणपूर्ती होऊन दाव्याचा ठराव मंजूर झाला, ती बातमी आपल्या जिल्हा पानावर चार ओळींत आली, आणि तीतही गावाचे नाव चुकले. त्याच पानावर त्या यंत्राच्या लोकार्पणाच्या वर्षपूर्तीचे छायाचित्र तीन स्तंभी होते. दुरुस्ती छापावी असे दोनदा कळवले आहे.

तिकिटांची वही अजून माझ्याकडे आहे. लेखक महाशयांना पाहायची असल्यास त्यांनी कोरची-कुरखेड्याकडे जरूर यावे. येताना तिकीट मात्र जपून ठेवावे.

आपली,
एका संघटनेची खजिनदार, जि. गडचिरोली